टाकीखालचा कार्यक्रम

मार्लफर्ड, ११ जानेवारी २०२५

प्रिय दादा,

इंग्लंडहून नमस्कार तुला, आणि तुमच्या कॅनडातल्या त्या उणे तीस डिग्रीलाही. नेहमीसारखे या पत्राचे फोटो काढून वैभवीच्या फोनवर पाठवतेय. तुझी सून ते मोठे करून तुला दाखवते, म्हणून अक्षर जरा बरं काढायचा प्रयत्न आहे. 'फोनवर नुसती घाई होते, पत्रात माणूस नीट भेटतो,' असं तू म्हणायला लागलास तेव्हा मला तो म्हातारपणाचा हट्ट वाटला होता. आता मलाही पत्रंच बरी वाटतात.

आज एक गोष्ट घडली, ती तुलाच सांगावी असं वाटलं. आयुष्यभर रेडिओत नोकरी केलेला आपल्या घरात तू एकटाच.

आमची टाकी तुला माहीत आहे. टेकडीवरचा लाल विटांचा जुना वॉटर टॉवर. त्यातलं पाणी कधीच गेलं, पण रीडिंगहून येणाऱ्या ट्रेनमधून तो दिसला की लोक अजून कोट चढवायला लागतात, गाव आलं म्हणून. त्याच्याच पोटात आमचं कम्युनिटी रेडिओ स्टेशन आहे. इथली मराठी मंडळी स्टेशनला 'टाकी'च म्हणतात, म्हणून माझ्या शनिवारच्या कार्यक्रमाचं नाव 'टाकीवरून'. सकाळी दहा ते साडेदहा. त्यात मी फार काही थोर करत नाही. कुठली बस बदलली, फ्लूची लस कुठे मिळते, शाळेचे फॉर्म कधी भरायचे हे सांगते, दोन गाणी लावते आणि लोकांचे फोन घेते. सुश्रुतची आई, वीणाताई, दर आठवड्याला फोन करतात. यजमान गेल्यावर त्या अमरावतीहून मुलाकडे आल्या. सुश्रुत आणि त्याची बायको चैत्राली दोघंही रीडिंगला ऑफिसला जातात, घर दिवसभर रिकामं. मागच्या शनिवारी त्यांनी ऑन एअर विचारलं, 'डॉक्टरीणबाई, ते जांभळ्या झाकणाचं कचऱ्याचं डबडं कोणत्या दिवशी बाहेर ठेवायचं?' निम्म्या गावाचा तोच प्रश्न असतो, विचारायची लाज मात्र सगळ्यांना वाटते.

तर आज कार्यक्रमानंतर नवे चेअरमन मिस्टर पेंब्री यांनी मला ऑफिसात बसवलं. म्हणाले, "डॉक्टर, तुमच्या कार्यक्रमाबद्दल तक्रार आलीय."

"कसली?"

"तुम्ही काय बोलता ते कळत नाही अशी."

"मराठी येत नसेल तर कळणार नाहीच," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. नियम असा, की फेब्रुवारीपासून दर बुधवारी मी शनिवारचा सगळा मजकूर इंग्रजीत लिहून द्यायचा. त्यांनी वाचून पास केला तर बोलायचं. त्याबाहेर एक वाक्य नाही, आणि लोकांचे फोन बंद. मी विचारलं, बागकामाचा कार्यक्रम करणाऱ्या केनकडूनही लिहून घेणार का? तर म्हणाले, "केन इंग्रजीत बोलतो."

पोलिश कार्यक्रम करणाऱ्या अग्न्येश्काला हाच नियम हिवाळ्याच्या सुरुवातीला लावला होता. ती वृद्धांच्या केअर होममध्ये काम करते. ड्यूटी करून भाषांतरं लिहिता लिहिता थकली आणि ख्रिसमसच्या आधी कार्यक्रम सोडून गेली. तेव्हा मी गप्प राहिले, कारण मला वाटलं तिला काही घरची अडचण असेल.

मी लिहून देणार नाही, दादा. तुला काय वाटतं ते कळव.

तुझी,
सुप्रभा


मूस जॉ, १६ जानेवारी २०२५

प्रिय सुप्रभा,

पत्र दोनदा वाचलं. तुला राग आला हे ठीक, पण मी थोरला म्हणून सांगतो. देऊन टाक भाषांतर. तुझं इंग्रजी माझ्याहून चांगलं आहे, तासाभराचं काम. कार्यक्रम टिकला पाहिजे, बाकी सगळं दुय्यम. आपण बाहेरून आलेली माणसं. दुसऱ्याच्या घरात आपलं ताट मांडायला मिळालं तर ताट कुठल्या बाजूला ठेवायचं यावर वाद घालू नये.

इथे सगळं ठीक. मी रोज गाडी काढून हायवेपर्यंत जातो, तिथे त्या भल्यामोठ्या मूस हरणाच्या पुतळ्यापाशी थांबतो आणि परत येतो. तू आलीस तेव्हा त्याच्या पायाशी फोटो काढला होतास. तुला सांगितलं होतं का, नॉर्वेत कुणी तरी याच्याहून उंच मूस उभा केला, तेव्हा या गावातल्या लोकांनी याची शिंगं काढून नवी मोठी शिंगं बसवली आणि पहिला नंबर परत मिळवला. एवढंसं गाव, पण ईर्षा बघ. त्याच्या पलीकडे माझ्या जुन्या स्टेशनचा टॉवर दिसायचा. स्टेशन दुसऱ्या शहरातल्या कंपनीनं घेतलं, कार्यक्रम तिकडूनच यायला लागले आणि टॉवर उतरवला. आता तिथे नुसतं बर्फ असतं. कुणी भांडलं नाही. भांडून उपयोगही झाला नसता.

वैभवी पुढच्या आठवड्यात आईच्या ऑपरेशनसाठी नागपूरला जातेय. तोवर फोटोंचं काम आमचा चिरंजीव कुशल करेल. त्याला तुझ्या पत्रांतलं निम्मं मराठी वाचता येत नाही, त्यामुळे गुपितं सुरक्षित.

तुझा,
मुरलीदादा


मार्लफर्ड, २ फेब्रुवारी २०२५

प्रिय दादा,

उत्तराला उशीर झाला. इकडे धावपळ होती.

तुझा सल्ला वाचला. तू थोरला आहेस म्हणून वाद घालत नाही, पण एक लिहिते. मी या गावात पाहुणी नाही. तीस वर्षं इथल्या दवाखान्यात बसले. अर्ध्या गावाच्या छातीला माझा स्टेथोस्कोप लागलाय. त्यांची बाळं, त्यांचे मधुमेह, त्यांच्या नवऱ्यांची शेवटची दुखणी मी पाहिली. तेव्हा कुणी मला म्हटलं नाही की डॉक्टर, तुम्ही मनात कुठल्या भाषेत विचार करता ते आधी लिहून दाखवा. मी इथे कुणाच्या घरात ताट मांडलेलं नाही. हे माझं स्वयंपाकघर आहे.

शनिवारचं चाललंय. काळजी करू नकोस.

वैभवीच्या आईचं ऑपरेशन कसं झालं? गुडघा की हिप?

तुझी,
सुप्रभा


मूस जॉ, १७ फेब्रुवारी २०२५

प्रिय सुप्रभा,

वैभवीच्या आईचा गुडघा. ऑपरेशन चांगलं झालं, पण व्यायामाला त्या कंटाळा करतात म्हणून वैभवीनं मुक्काम वाढवलाय. घर सुनं आहे. मी खिचडीवर आहे आणि कुशल पिझ्झावर.

तुझा परवाचा कार्यक्रम फार छान झाला. आवाज स्वच्छ येत होता, इंटरनेटवर असूनही कुठे खरखर नाही. तू बसच्या बदलांची माहिती इतकी सोपी करून सांगतेस की मूस जॉत बसून मलाही मार्लफर्डची बस पकडता येईल. शेवटचं गाणं तर विशेष आवडलं. डोळे मिटून ऐकलं.

तू शेवटी शहाणपणा केलास आणि त्या पेंब्रींशी जुळवून घेतलंस याचं मला समाधान आहे. कार्यक्रम चालू राहिला, यातच सगळं आलं.

तुझा,
मुरलीदादा


मार्लफर्ड, १९ फेब्रुवारी २०२५

दादा,

गेल्या शनिवारी कार्यक्रम झालाच नाही. त्याच्या आधीच्या शनिवारीही नाही, आणि त्याच्याही आधी नाही. एक फेब्रुवारीपासून 'टाकीवरून' बंद आहे. दहा वाजता कुठल्या तरी लंडनच्या स्टेशनवरची गाणी लागतात. तू डोळे मिटून काय ऐकलंस?

मला आधी हसू आलं, मग फार वाईट वाटलं. तू माझं मन राखायला दर वेळी असंच लिहितोस का? कधीच ऐकत नव्हतास का? सरळ सांग.

मीही तुला सरळ सांगितलं नाही हे खरं. 'चाललंय' असं लिहिलं. तू म्हणाला असतास, मी सांगितलं होतं. आणि ते ऐकायची त्या दिवशी ताकद नव्हती. आता सगळं लिहिते.

मी बुधवारी काही दिलं नाही. शनिवारी नेहमीसारखी टाकीवर गेले, तर दाराच्या कुलुपाचा नंबर बदललेला. बेल वाजवली. पेंब्री स्वतः खाली आले.

"मजकूर आणलात?"

"नाही."

"मग आज तुम्हाला वर जाता येणार नाही."

"मिस्टर पेंब्री, मी काय बोलीन अशी तुम्हाला भीती वाटते?"

"भीती नाही. जबाबदारी आहे. उद्या कुणी विचारलं की तुमच्या स्टेशनवरून काय सांगितलं गेलं, तर मला उत्तर देता आलं पाहिजे."

"मला विचारा. स्टुडिओत मी तुमच्यापासून तीस फुटांवर असते आणि मला इंग्रजी येतं. कार्यक्रम रेकॉर्ड होतो, नंतर कुणाकडूनही तपासून घ्या. पण बोलायच्या आधी परवानगी मी कुणाची मागणार नाही."

त्यांनी दार लावून घेतलं. माणूस वाईट नाही, दादा. आवाज चढवला नाही, 'डॉक्टर'च म्हणत होते. त्यांना खरंच वाटतं की त्यांना न कळणारी प्रत्येक गोष्ट लपवलेली असते.

दहा वाजायला आले होते. मी परत फिरले तर फाटकापाशी वीणाताई उभ्या. सुश्रुतच्या ट्रॅकसूटवर शाल गुंडाळून, टेकडी चढून आल्या होत्या. गावात एकट्या बाहेर पडायची त्यांची ही पहिलीच खेप. आदल्या दिवशी मी चैत्रालीला म्हटलं होतं की उद्या कार्यक्रम होईल असं वाटत नाही, ते यांनी ऐकलं. म्हणाल्या, "मग आज मी विचारायचं कुणाला?"

मी म्हटलं, "विचारा. मी इथंच सांगते."

तिथंच टाकीच्या भिंतीला पाठ लावून मी कार्यक्रम केला. श्रोता एक. बस, केमिस्ट, लायब्ररीतला इंग्रजीचा वर्ग, सगळं नेहमीच्या क्रमानं सांगितलं. गाणं नव्हतं, तर वीणाताईंनीच एक ओवी म्हटली, दळताना त्यांची आई म्हणायची ती. त्यांचा आवाज इतका खणखणीत असेल असं मला वाटलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी सात-आठ जण आले. गेल्या शनिवारी बरेच. सुश्रुतनं गणपतीतला बॅटरीचा स्पीकर आणला. माझी जुनी पेशंट डोरीन हॉब्ज घडीची खुर्ची आणि थर्मास घेऊन आली. तिला एक अक्षर कळत नाही. मी विचारलं, डोरीन, तू थंडीत का बसतेस? म्हणाली, "तुझा आवाज ऐकला की माझं ब्लड प्रेशर उतरतं. आणि ऑलिव्हर पेंब्री खिडकीतून बघतोय, त्याला मोजायला एक डोकं जास्त."

आता तू सांग. खरं सांग.

सुप्रभा


मूस जॉ, २३ फेब्रुवारी २०२५

प्रिय सुप्रभा,

मला ऐकू येत नाही.

हे वाक्य लिहायला चार दिवस गेले. कमी झालंय असं नाही, गेलंय. डावा कान आधी गेला, मग उजवा. दोन वर्षं होतील. मशीन लावलं की भांडी पडल्यासारखा आवाज येतो, पण शब्द लागत नाहीत. फोनवर घाई होते म्हणालो ते खोटं. फोन माझ्यासाठी मुका आहे.

तुझा कार्यक्रम इथे पहाटे येतो, म्हणून त्याचं रेकॉर्डिंग वैभवी नंतर इंटरनेटवर ऐकायची. कानात इयरफोन घालून माझ्या समोर बसायची आणि पांढऱ्या बोर्डावर मार्करनं भराभर लिहायची. 'आत्या हसल्या.' 'आत्यांनी गाणं लावलं, जुनं, हळू.' मी ते वाचायचो आणि तुला पत्र लिहायचो. म्हणजे ऐकत होतो, पण वैभवीच्या कानांनी. ती नागपूरला गेली आणि माझं रेडिओ स्टेशन बंद पडलं. मला वाटलं, दर शनिवारसारखाच झाला असेल, लिहून टाकावं. पकडला गेलो.

तुला का सांगितलं नाही? ज्या माणसानं उमेदीची सगळी वर्षं दुसऱ्यांना स्वच्छ ऐकू जावं म्हणून घालवली, आधी नागपूरच्या आकाशवाणीत आणि मग इथे बर्फात टॉवरवर चढून, त्यानंच बहिरं व्हावं, हे मला कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. बघ, 'ऐकायचं' असंच लिहितोय अजून.

बहिऱ्या माणसाचं एक होतं. लोक त्याच्याशी बोलायचं सोडतात. डॉक्टरांकडे गेलो तर डॉक्टर कुशलला विचारतात, यांना झोप लागते का? कॉफीच्या दुकानातली मुलगी वैभवीला विचारते, यांना साखर चालेल का? मी समोर उभा असतो. माझा शब्द दुसऱ्या कुणाच्या तोंडून पास झाल्याशिवाय धरलाच जात नाही. म्हणून मी बाहेर बोलणंच सोडलं. शिवाय माझा आवाज मला कळत नाही. कुशल सांगतो, बाबा, तुम्ही ओरडताय. मग गप्प बसलेलं बरं. रोज गाडीनं त्या मूसपर्यंत जातो, कारण तो काही विचारत नाही आणि मीही काही सांगत नाही.

तुझं पत्र वाचून मी दिवसभर घरात फेऱ्या मारल्या. तुला भाषांतर दे म्हणालो ते चुकलं. मला वाटायचं, गप्प बसणं म्हणजे मानानं जगणं. तू भिंतीला पाठ लावून एका बाईसाठी अर्धा तास बोललीस, आणि मी दोन वर्षं साखर नको हेसुद्धा स्वतःच्या तोंडानं सांगितलं नाही.

एक कर. टाकीखाली जे बोलतेस ते मला लिहून पाठव. शब्द न् शब्द. वैभवीच्या बोर्डावर नुसता सारांश यायचा. मला बहिणीचा अख्खा कार्यक्रम कित्येक दिवसांत मिळालेला नाही.

तुझा,
दादा


मार्लफर्ड, ३० मार्च २०२५

प्रिय दादा,

दर आठवड्याला पानं पोचतायत ना? पेंब्रींना मी एक ओळ लिहून दिली नाही, आणि तुला गावातल्या कचऱ्याची वेळापत्रकं सुद्धा मराठीत लिहून पाठवतेय. लिहिताना मला तू समोर बसलेला दिसतोस. तुझ्या त्या पत्रानंतर मी रडले, मग चिडले, मग पुन्हा रडले. आता ते सगळं झालं. तुझ्या कानांबद्दल डॉक्टर म्हणून मला बरंच विचारायचंय, त्यासाठी वेगळं पत्र लिहीन. तेव्हा उत्तरं तू द्यायची, कुशलनं नाही.

आज इथलं लिहिते. आम्ही हरलो.

काल स्टेशनची वार्षिक सभा होती. गावात राहणारा कुणीही स्टेशनचा सभासद होऊ शकतो. आपल्या झाडून सगळ्या मराठी घरांनी फॉर्म भरले, अग्न्येश्कानं पोलिश लोक आणले, डोरीननं अख्खा चर्चचा ग्रुप आणला. चर्चच्याच हॉलमध्ये सभा होती, खुर्च्या कमी पडल्या. केन उठून बोलला, तो जन्मात गुलाब आणि गोगलगायी सोडून कशावर बोललेला नाही. म्हणाला, "मी वीस वर्षं या माईकवर बडबडतोय, मला कुणी कागद मागितला नाही. डॉक्टरांना मागत असाल तर मलाही मागा. मी देणार नाही." मला वाटलं, जमलं.

मग पेंब्रींनी नियमावली वाचली. सभासद होऊन सहा महिने झाल्याशिवाय मत देता येत नाही. आमचे सगळे नवे लोक हॉलमध्ये बसलेले आणि मत मात्र जुन्यांचं. मजकूर लिहून द्यायचा नियम टिकला. थोडक्या मतांनी, पण टिकला.

बाहेर आल्यावर चैत्राली रडत होती. म्हणाली, "मावशी, एवढे लोक आले आणि काही झालं नाही." मी तिला म्हटलं, एवढे लोक आले ना, तेच झालं. सप्टेंबरात यांना सहा महिने पूर्ण होतील. तेव्हा खास सभा बोलावू आणि बघू.

त्यावर आज सकाळी ईमेल आली. टाकीचं आवार स्टेशनच्या ताब्यात आहे, तिथे स्पीकर लावायला बंदी. फाटकाला तशी पाटीही लावलीय. त्यामुळे यापुढे फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला, आणि रस्त्यावर स्पीकर मांडायला कौन्सिलची परवानगी लागते म्हणून बिनस्पीकरचं. टेकडीवर वारा असतो आणि माझा घसा बसलाय. काल सभेत बोलून बोलून तो पुरता गेला. मागे उभ्या असलेल्यांना काही ऐकू जात नाही, तरी ते उभे राहतात.

मी थांबणार नाही. पण खोटं कशाला सांगू, वयाला आता ते झेपत नाही. पुढच्या शनिवारी आवाज फुटेल की नाही माहीत नाही.

तुझी,
सुप्रभा


मूस जॉ, ७ एप्रिल २०२५

प्रिय सुप्रभा,

मी काय केलं ते शांतपणे वाच.

इथे आमच्याही गावात एक छोटं स्टेशन उरलंय. रेल्वे स्टेशनच्या जवळ, एका जुन्या बँकेच्या इमारतीत, मागच्या खोलीत. हौशी लोक चालवतात. तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिथे गेलो. एकटा. वैभवी आता परत आलीय, ती येते म्हणाली, मी नको म्हटलं. फक्त तिचा बोर्ड घेतला.

लोरेन नावाच्या बाई स्टेशन बघतात. मी बोर्ड पुढे केला आणि तोंडानं म्हणालो, "मला ऐकू येत नाही. तुम्ही लिहा, मी बोलतो." त्या दचकल्या, म्हणजे मी ओरडलो असणार. पण त्यांनी मार्कर घेतला. मी सांगितलं की मी या शहरातला जुना ट्रान्समिटर इंजिनीअर. इंग्लंडमध्ये माझ्या बहिणीला तिच्या भाषेत बोलू देत नाहीत. तिचा मजकूर माझ्याकडे दर आठवड्याला येतो. मला तो तुमच्या स्टेशनवरून वाचायचा आहे, मराठीत. इंटरनेटवरून तो तिच्या गावात ऐकू जाईल.

त्यांनी लिहिलं, 'मूस जॉमध्ये मराठी किती लोक?'

मी म्हणालो, "आमचं घर, आणि दोन-तीन विद्यार्थी."

त्यांनी लिहिलं, 'आणि कार्यक्रमात काय असेल?'

"इंग्लंडमधल्या एका गावाचा कचरा कधी उचलतात ते."

त्या इतक्या हसल्या की बोर्डावर अक्षर वाकडं आलं. मग लिहिलं, 'शनिवारी सकाळी नऊ. अर्धा तास. आम्हालाही एकदा कुणी तरी विकत घ्यायला आलं होतं.'

मी विचारलं, मजकूर आधी दाखवू का? त्यांनी लिहिलं, 'कशाला?'

सुप्रभा, आमचे नऊ म्हणजे तुमचे दुपारचे चार. लिंक सोबत पाठवतोय, ती सगळ्यांना दे. मी उमेदीची सगळी वर्षं माईकच्या मागच्या खोलीत काढली, पुढे कधी बसलो नाही. वाचताना माझा आवाज मला ऐकू येणार नाही, कुठे चढला, कुठे पडला कळणार नाही. वैभवी काचेपलीकडून हातानं सांगायला तयार आहे, वर-खाली. मला धास्ती वाटतेय, पण येत्या शनिवारी मी वाचणार. तुझा घसा सांभाळ. पानं शुक्रवारपर्यंत पाठव.

तुझा,
दादा


मार्लफर्ड, १२ एप्रिल २०२५

प्रिय दादा,

आत्ताच घरी आले. चहाही ठेवलेला नाही, आधी हे लिहिते.

साडेतीनपासून लोक यायला लागले. आवारात स्पीकर नको, तर आम्ही आवारात गेलोच नाही. टेकडीचा रस्ता कौन्सिलचा आहे आणि शनिवारी तिथे गाड्या लावायला मनाई नाही. टाकीच्या फाटकापासून खाली वळणापर्यंत गाड्या ओळीनं उभ्या राहिल्या. सगळ्यांनी फोन गाडीच्या स्पीकरला जोडले आणि काचा खाली केल्या. सुश्रुतनं वीणाताईंना पुढच्या सीटवर बसवलं होतं, त्या खाली उतरून बॉनेटला टेकून उभ्या राहिल्या. डोरीननं खुर्ची रस्त्याच्या कडेला मांडली.

चारला तुमच्याकडच्या बाईंचं इंग्रजीत काही तरी झालं, आणि मग तू आलास.

दादा, तू ओरडत होतास. अगदी पहिल्या शब्दापासून. 'नमस्कार, टाकीवरून मुरलीधर बोलतोय,' हे एवढ्या जोरात आलं की झाडावरचे कावळे उडाले. प्रत्येक गाडीत तू थोडा मागेपुढे होतास, त्यामुळे तुझा आवाज टेकडीच्या खालून वर आणि वरून खाली फिरत होता. मग तू खोकलास आणि वाचायला लागलास. गुड फ्रायडेमुळे शुक्रवारचा कचरा शनिवारी. ईस्टरच्या रविवारी उघडं असणारं केमिस्टचं दुकान. लायब्ररीतला वर्ग सुट्टीनंतर पुन्हा सुरू. 'ऑर्चर्ड क्लोज' तू 'ऑर्किड क्लोज' वाचलंस, सगळे हसले, पण समजले. मध्ये एकदा थांबलास. मला वाटलं संपलं. पण तू पान उलटत होतास, कागदाचा आवाज आला. दादा, लहानपणी तू पाढे म्हणायचास ना, प्रत्येक आकड्यानंतर दम घेऊन, अगदी तसाच वाचत होतास. मी गाडीचा दरवाजा धरून उभी होते.

डोरीननं विचारलं, "हा कोण ओरडतोय?"

"माझा भाऊ," मी म्हटलं. "त्याला ऐकू येत नाही."

"मग बरोबर आहे," ती म्हणाली आणि थर्मास उघडला.

थोड्या वेळानं पेंब्री फाटकापाशी आले. रस्ताभर नजर टाकली. पाटीकडे बघितलं, पण पाटी आवारापुरती आणि आम्ही बाहेर.

"हे कुठून येतंय?"

"कॅनडातून. सस्कॅचवनमधून."

"कुठल्या स्टेशनवरून?"

मी नाव सांगितलं. तू तेव्हा बस नंबर सांगत होतास, प्रत्येक नंबर दोनदा. मग पेंब्रींनी विचारलं, "ते काय म्हणतायत?"

पहिल्यांदाच विचारलं त्यांनी, दादा. इतक्या महिन्यांत कधीच नाही. लिहून द्या म्हणाले, पण विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "सांगतात की सोमवारपासून सात नंबरची बस तुमच्या घरासमोरून जाणार नाही. वरच्या चौकात जावं लागेल."

"मला माहीत नव्हतं," ते म्हणाले.

"कार्यक्रमात सांगितलं असतं आम्ही."

ते आत गेले नाहीत. संपेपर्यंत तिथेच फाटकाला हात लावून उभे होते. त्यांचा नियम बदलेल असं मला वाटत नाही, आणि सप्टेंबरात आमचे लोक मोजले जातील तेव्हा मी उभी राहणार आहे, चेअरमनच्या खुर्चीसाठीच. केननं फॉर्म आणूनही दिलाय. पण आजचा दिवस त्यांचा नव्हता.

कार्यक्रम संपला तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग चैत्रालीनं हॉर्न दिला. पाठोपाठ सगळ्या गाड्यांनी दिला, वळणापर्यंत. तू ऐकू शकला नसतास, म्हणून लिहितेय. फार मोठा आवाज होता, दादा. टाकीच्या खिडक्यांच्या काचा थरथरल्या असतील.

पुढच्या आठवड्याची पानं सोबत आहेत. मोठ्या अक्षरात काढलीत. 'ऑर्चर्ड'खाली रेघ मारलीय. वैभवी काचेपलीकडून हात खाली करत होती का? तिला सांग, करू नकोस म्हणावं. आणि तू आवाज अजिबात कमी करू नकोस.

तुझी,
सुप्रभा